पीठ फुगेपर्यंत

बेकरीवाल्याच्या छातीत पिठाची धूळ बसली होती. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, "पिठाच्या खोलीत आता पाऊल टाकायचं नाही." तो घरी बसला आणि भट्टी बायकोच्या गळ्यात पडली. आजवर तिनं नुसतं दुकान सांभाळलं होतं. आता मळायचंही तिनं, विकायचंही तिनं, आणि मधूनमधून नवऱ्याला वाफ द्यायची तीही तिनंच. थोड्याच दिवसांत तिच्या कंबरेचा काटा ढिला झाला.

त्या सकाळी पीठ फुगलंच नाही. काम लवकर उरकावं म्हणून तिनं यीस्टवर किटलीतलं उकळतं पाणी ओतलं होतं. झाकण काढलं तर गोळा दगडासारखा तसाच. ती मटकन पोत्यावर बसली.

"काय झालं गं?" नवऱ्यानं उंबऱ्याबाहेरून विचारलं.

"डोंबल झालं. फुगत नाहीये."

"पाणी कसं होतं?"

"चांगलं कढत."

"अगं, मारलंस की त्याला! यीस्टमध्ये जीव असतो. तान्ह्या बाळाच्या अंगावर घालशील तेवढंच कोमट हवं. चिमूटभर साखर दे. ते खातं, श्वास सोडतं, आणि त्या श्वासावर पीठ वर येतं."

"सगळ्यांच्या खाण्याचं आणि श्वासाचं मीच बघायचं," ती म्हणाली. "माझं कोण बघतंय?"

त्यानं पाण्याचा वाडगा उंबऱ्यापाशी मागवला, मनगटावर थेंब घेऊन पाहिला, वाडग्यात साखर आणि यीस्ट घातलं. दोघं वाट बघत बसली. हळूहळू वर फेस धरला.

"मीठ मात्र थेट यावर टाकू नकोस. पिठात मिसळ."

तिनं पुन्हा मळलं, ओलं फडकं झाकलं. "आता?"

"आता काही नाही. पडायचं. मी या वेळात झोपायचो."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आत घोरत होता, आणि ‘ते कामात आहेत’ म्हणून मी गिऱ्हाइकांना गप्प करत होते?"

तो हसला, मग खोकला, मग पुन्हा हसला. ती पोत्यांवर आडवी झाली आणि क्षणात तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन फरशीवर आलं होतं. पीठ परातीबाहेर सांडून मध्ये खचलं होतं. नवरा उंबऱ्यापाशीच बसला होता.

"अहो, उठवलं का नाही?"

"हाक मारायला तोंड उघडलं होतं. पण मारवेना."

तिनं तेच भाजलं. पाव बसके निघाले, चवीला आंबूस. रोजची मास्तरीण पहिला घास खाऊन थबकली. "आज आंबट?"

"आंबटच आहे. चालत असेल तर न्या."

मास्तरीणबाईंनी नेला. बऱ्याच जणांनी नेला नाही.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "उद्यापासून दुकान दुपारी उघडू. तुझी झोप आधी."

"सकाळची गिऱ्हाइकं जातील."

"जाऊ देत."

काही गेलीच. ती वेळेवर झोपू लागली, पाव नीट फुगू लागले. कंबर मात्र दुखायची ती दुखतच राहिली.