बोटभर जागा

मुलीनं लाकडी शिखर दोन्ही हातांनी उचललं आणि वडिलांनी केलेल्या तळावर अलगद टेकवलं. देवळाचा हा नमुना उद्या विश्वस्तांना दाखवायचा होता. खालचे चढते टप्पे दक्षिणेकडच्या पद्धतीचे, वडिलांच्या हातचे. वरचं बाक घेत निमुळतं होणारं शिखर उत्तरेकडचं, तिचं. परवा ते तळाबाहेर बोटभर आलं होतं आणि त्यावरूनच दोघांची जुंपली होती.

"शिखर तास," ते म्हणाले होते.

"तळ वाढवा. नाहीतर मी चालले दुसऱ्या कारखान्यात. त्यांनी बोलावलंय मला."

तेव्हापासून घरात मीठ मागायचं तरी आईमार्फत.

आज शिखर बसलं, पण भोवती बोटभर कट्टा मोकळा राहिला. मुलीनं वाकून पाहिलं. वरच्या टप्प्याला चारही बाजूंनी नव्या पट्ट्या जोडलेल्या होत्या.

"बाबा, तुम्ही तळ वाढवलात?"

वडिलांनी शिखराच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड ताजी घासलेली होती.

"आणि तू हे तासलंस?"

चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली.

"भांडलात एकदम, शहाणेही एकदमच झालात! एकानं तरी हट्ट धरायचा होता."

वडिलांना हसू आलं, पण ते पुरतं उमटलं नाही. दाराशी मुलीची पिशवी होती. तिच्यात फडक्यात गुंडाळलेल्या तिच्या पटाश्या होत्या. सकाळपासून ते त्या पिशवीला वळसा घालून ये-जा करत होते.

"पट्ट्या काढतो," ते म्हणाले. "पण तू तासलेलं शिखर मग बारीकच राहील."

"राहू द्या." ती कट्ट्यावर बोट टेकवत फिरली. "कोपऱ्यांवर छोटी शिखरं बसवू. चार."

"कुठल्या पद्धतीची?"

ती नमुन्याकडे बघत मागे सरली. मग दाराकडे गेली. वडिलांनी उगाच चष्मा पुसायला घेतला.

पिशवीची गाठ सोडून ती परत आली आणि पटाश्यांचं फडकं तिनं बाकावर पसरलं.

"आधी एक करून तर बघू," ती म्हणाली. "सरका जरा."

वडील सरकले. एकीला पुरेल त्याहून बरीच जास्त जागा त्यांनी करून दिली.