रांजणातलं पाणी कोण नेते?

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहो. पोट मोठं, गळा आखूड, रंग कधीकाळी लाल होता. अन् पयलेच सांगून ठेवतो, माहा स्वभाव संशयी हाय. तुमाले जर जलमभर तोंड वर करून बसा लागलं, अन् जो येईन त्यानं तुमच्या पोटात हात घातला, तं तुमी बी संशयीच व्हान.

माहा जन्म परतवाड्याकडचा. माणिकबाई नावाच्या कुंभारणीनं मले हातानं थापटून वाढवलं. आतून एक हात लावे, बाहेरून लाकडी थापी मारे. जराशी माती वाळली का अजून वर चढवे. भट्टीत माहे काही भाऊ तडकले. तो आवाज मी अजून इसरलो नाही. आजही कोठं काही टचकलं का माहं काळीज हालते.

पुंजारामनं मले बैलबंडीत कडब्यात गुंडाळून मेळघाटच्या डोंगरात आणलं. वस्तीपासून दूर, कड्याच्या आंगाले एकच घर. चार म्हशी, थोडंसं वावर, पुंजाराम अन् त्याची बायको जमुना. तिनं ओसरीच्या कोपऱ्यात रेती टाकली अन् मले कमरेपर्यंत तिच्यात रोवलं. पाणी म्हणसान तं खाली दरीत एक झरा. जमुना डोक्यावर पितळेच्या गुंडावर गुंड ठेवून चढून येई अन् माह्यात ओते. उन्हाळ्यात तो झरा सुतासारखा बारीक होते. एक गुंड भराले बसलं तं माणसाले डुलकी लागते.

तरी माहे मोठे मानाचे दिवस होते. वैशाखात खाली अकोल्या-अमरावतीत माणूस पापडावानी भाजते. मंग सारे सोयरे डोंगरावर येत. झोपाले बाजा ओसरीत, पोट्टे आंब्याच्या झाडावर. जो तो म्हणे, “काय थंड पाणी हाय वो जमुनाबाई तुमच्या रांजणाचं!” मले काही त्या तारीफीचा भरोसा नव्हता. तारीफ करणारा हमेशा दुसरा लोटा मागे.

मंग पोरगी ज्योत्स्ना लग्न होऊन अमरावतीले गेली. घरात दोनच माणसं उरले. माह्याकडं कोण पाहाते? आतून क्षाराचे थर बसले, पाणी कोमट होऊ लागलं. एकदा जवाई आला, नितेश. अमरावतीत शिकवणीच्या क्लासात शिकवते. पाणी पेला अन् सासूले सहज बोलला, “मामी, यंदा पाणी थंड नाही वाटत.” बस! ते बोलणं जमुनाच्या मनात बाभळीच्या काट्यावानी रुतलं.

यंदा धोंड्याचा महिना आला, भर उन्हाळ्यात. ह्या अधिक महिन्यात लेकीले अन् जवायाले बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घाला लागते. ज्योत्स्नाचा लग्नानंतरचा हा पयलाच धोंडा. या महिन्यात जवाई उपाशी माघारी गेला, तं दोन घरांत कायमची अढी पडते.

जमुनानं काय केलं, मले रेतीतून उपटलं, आडवं केलं, अन् इटेचा तुकडा घेऊन आतून खसाखसा घासलं. पुंजाराम म्हणे, “अवो, रांजण घासून राहिली का कढई?”

“तुमी चूप बसा. जवाईबापूनं औंदा नाव नाही ठेवलं पाहिजे.”

घासघासून माहा लालपणा दिसू लागला. परत रोवलं, भरलं. पाणी असं गार झालं का दात ठणकावे! नितेश आल्याबरोबर गटागट पेला अन् म्हणे, “मामी, फ्रिज घेतला का काय?” जमुना पदर तोंडाले लावून हासली.

अन् दुसऱ्याच दिवसापासून माह्यातलं पाणी कमी होऊ लागलं.

सकाळी काठोकाठ, जेवणं होऊन सारे लवंडले का हातभर खाली. मी डोळ्यात तेल घालून बसलो. पुंजाराम लोटा घेऊन गोठ्याकडं गेला. हं, म्हटलं, म्हशीच्या आंगावर ओतते बुढा! जीपवाला अब्दुल गफ्फार किराणा घेऊन आला. त्याचं इंजिन हमेशा तापेल. हा तं नसन नेत? अन् जवाई! शहरातला माणूस, नळाखाली आंग धुण्याची सवय. येता-जाता तोंडावर पाणी मारे. माहा सारा वहीम त्याच्यावरच गेला. जमुनाचा बी.

तिनं कोळसा घेतला अन् माह्या गळ्याच्या आतून, पाणी होतं तिथंच, एक रेघ ओढली. मंग दाराआड लपून बसली. दुपारी नितेश उठला, लोटा बुडवला अन् रुमाल ओला करून मानेवर ठेवला. जमुना निघाली बाहेर. रेघ पाहाते तं पाणी तिच्या कितीक खाली!

“जवाईबापू, खाली झऱ्यावर जाऊन पाहा एकदा. पाणी डोक्यावर आणा लागते इथं.”

“म्हंजे? मी काय केलं मामी?”

“म्या काही म्हटलं का? रेघ म्हणते.”

“कोणती रेघ?” नितेशनं वाकून पाह्यलं. त्याचं तोंड उतरलं. “मामी, माह्यासाठी रेघ ओढली तुमी?”

ज्योत्स्ना भाकरीचं पीठ हाताले तसंच घेऊन बाहेर आली. “माय, पाण्याच्या चोराले पोरगी देल्ली का तुवा?”

“पोरी, म्या चोर म्हटलं नाही वो.”

“म्हणाचं काय उरलं आता? चाला हो, पिशवी भरा.”

पुंजारामनं लय समजावलं. नितेश हात जोडून म्हणे, “मामाजी, राग नाही. पण जिथं घोट घोट मोजल्या जाते, तिथं पुरण गिळत नाही माणसाले.” गफ्फारले फोन गेला. जीप घाट चढून आली. पिशव्या ओसरीत आल्या. चुलीवर पुरणाची दाळ शिजत होती, तिच्याकडं कोणी पाहेना.

मी मनात म्हटलं, बरं झालं, चोर चालला. खरं सांगतो मित्रांनो, मले तेव्हा लय बरं वाटलं.

जमुना मटकन माह्या बाजूले रेतीत बसली अन् रडू लागली. रडता रडता एकदम उठली. मागून लुगडं ओलंचिंब, चिखलानं भरेल!

गफ्फार जीपीतून पाहून राहिला होता. “या अल्ला! जमुनाबाई, चोर तं तुमच्या बुडाखाली हाय!”

जमुनानं रेतीत हात घातला. कोपरापर्यंत चिखल-गारा. उकरलं तं माह्या बुडाले केसावानी बारीक चीर. ती चीर जुनीच होती. क्षारानं बुजेल होती. इटेनं घासलं अन् ती मोकळी झाली. पाणी टिपटिप रेतीत, रेतीतून जमिनीत. दुसऱ्याच्या हाताकडं मी टक लावून पाहे, अन् माहं बूड मलेच कसं दिसन?

ज्योत्स्नाले हासू आलं, पण तिनं दाबलं. जमुनानं माह्यातलं उरेलसुरेल पाणी सारं बादलीत काढलं. मोठं ताट आणलं अन् नितेशसमोर ठेवलं. धोंड्यात जवायाचे पाय धुतात, ती रीत हाय. पण रीत म्हणून चार थेंब शिंपडतात. ह्या बाईनं लोटाच्या लोटा ओतणं चालू केलं!

“मामी, बस! पाणी सरन!” नितेशनं पाय मागं घेतले.

“पाय ठेवा जवाईबापू. मले माफी मागता येत नाही. पाणी सांडता येते.”

नितेश जागच्या जागी उभा राहिला. मंग हळूच पाय पुन्हा ताटात ठेवला. बादली रिकामी होईपर्यंत हालला नाही. त्याचे डोळे भरून आले. ज्योत्स्नाचे तं कधीचेच वाहून राहिले होते.

पुंजाराम कपाळाले हात लावून म्हणे, “आता सैपाकाले पाणी कोठलं?”

“ड्रम डालो जीप में,” गफ्फार बोलला. “खालच्या गावातून भरून आणतो. पर धोंडे मेरेकू बी होना, पहलेच बोलता.”

नितेशनं ओल्या पायानंच ड्रम उचलला अन् जीपीत चढवला. पिशव्या परत घरात गेल्या.

आता माह्यात पाणी नाही राहात. तुरीची दाळ राहाते. बाजूले नवा रांजण बसवला. तो मले आजोबा म्हणते. त्याच्यावरही माहा भरोसा नाही, पण आता त्याच्याआधी सवताच्या बुडाची चौकशी करतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माह्यावानी एखादं जुनं भांडं असन तं त्याले इटेनं घासू नका. मुठीत चिंध्या घ्या अन् हलक्या हातानं पुसा. अन् घरातली एखादी गोष्ट कमी होऊन राहिली, तं पाव्हण्याच्या तोंडाकडं पाहाच्या आधी भांड्याखालची रेती चाचपून पाहा. चीर मातीची असली तं दाळ भरून काम चालते. माणसाच्या मनाले गेली, तं त्याच्यात मंग काहीच भरता येत नाही.