ठशाखालचं नाव

"अजून गोलच फिरतंय," फोनच्या स्पीकरवरून एक बाई म्हणाल्या. "कुकर लावला तेव्हापासनं बघतेय. तीन शिट्ट्या झाल्या, उतरवून पण ठेवला."

सुष्माने लॅपटॉपकडे पाहिलं. तिची साइट तिथे क्षणात उघडली होती.

"काकी, तुम्ही बोलताय कुठून?"

"सरगूरहून. मी भवानीबाई. ठसे कोरायचे ना वेंकोजीराव, त्यांच्या घरातली. तुझ्या अप्पांना विचार, सांगतील."

शेजारी कॉफी पीत बसलेल्या अप्पांनी, पद्मनाभांनी, हातातला पेला खाली ठेवला.

पद्मनाभांचं घराणं रंगाऱ्यांचं. बन्नीमंटपजवळच्या शेडमध्ये त्यांनी तीस वर्षं साड्यांवर ठसे उठवले. काम बंद पडलं, तेव्हा मागे राहिले फक्त नमुन्याचे कागद. प्रत्येक ठशाचा पहिला उमटा ते कागदावर घेऊन ठेवत. ते एकशे चाळीस कागद सुष्माने फोटो काढून साइटवर चढवले होते. आठ महिन्यांचे रविवार त्यात गेले. सुरुवातीला तिने एक अ‍ॅनिमेशन केलं होतं : पांढरं कापड, वरून येणारा हात, ठसा टेकतो आणि रंग हळूहळू पसरतो. त्यातलं एकेक चित्र तिने स्वतः काढलं होतं. लोकांच्या साइट हलक्या आणि वेगवान करून देणं ही तिची एकोणीस वर्षांची नोकरी. स्वतःचं असं तिने केलेलं हे पहिलंच काम.

"घरात काही राहिलं नाही गं," भवानीबाई सांगत होत्या. "पाणी शिरलं त्या वर्षी ठसे गेले, साड्या पण गेल्या. आमच्या लोकांच्या ग्रुपवर ही लिंक आली, खाली तुझा नंबर होता. म्हटलं एकदा बघावं. सुम्ने, उगीच आपलं, दुसरं काही नाही."

त्या संध्याकाळी सुष्माने साइटची चाचणी घेतली. कमी रेंजच्या फोनवर पहिलं पान उघडायला एकेचाळीस सेकंद लागत होते; सरगूरची रेंज त्याहूनही खराब असणार. ऑफिसात कुणी असं पान आणून दिलं असतं, तर तिने त्याला चार शब्द सुनावले असते. फोटो लहान करणं सोपं होतं. पण निम्म्याहून जास्त भार त्या अ‍ॅनिमेशनचाच होता.

पद्मनाभ मागे येऊन उभे राहिले.

"तो हात छान काढलायस," ते म्हणाले. "बोटं अगदी माझीच. पण त्या बाईला माझा हात बघायचा नाही."

सुष्माने ते अ‍ॅनिमेशन शेवटचं एकदा चालवून पाहिलं. मग तिने ते काढून टाकलं.

रविवारी तिने स्वतःच सरगूरला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. यावेळी पान उघडलं. भवानीबाई एकेक चित्र सरकवत असाव्यात.

"काकी, दिसतंय ना?"

"दिसतंय, दिसतंय." भवानीबाई म्हणाल्या. "हा मोर. ह्याच्याखाली पद्मनाभ लिहिलंय."

"हो. अप्पांनी छापलाय तो."

"छापला त्यांनी. कोरला ह्यांनी." बोलण्यात राग नव्हता. "पिसाऱ्यातले डोळे मोज. अकरा आहेत. बाराव्या ठिकाणी लाकडाला चीर गेली, म्हणून तिथं पान कोरलं. मला दाखवलेलं त्यांनी. कुणाला कळायचं नाही म्हणाले."

सुष्माने मोजले. अकरा डोळे, आणि डाव्या टोकाला एक चिमुकलं पान. हा फोटो तिने शंभर वेळा पाहिला असेल.

तिने वळून पाहिलं. पद्मनाभ जमिनीकडे बघत होते.

"खरं आहे तिचं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक माझं नाव घ्यायचं. मला बरं वाटायचं. वेंकोजी समोर बसलेला असायचा, काही बोलायचा नाही. मीही बोललो नाही." त्यांनी फोनसाठी हात पुढे केला. "वैनी, पद्मनाभ बोलतोय. फार उशीर झाला मला."

"असू दे अण्णा," भवानीबाई म्हणाल्या. "कागद तुम्ही जपले. नाहीतर मी काय बघितलं असतं?"

पुढच्या तीन संध्याकाळी बाप-लेक कागद पसरून बसले. पद्मनाभ एकेक उचलून बघत, कडेवरून बोट फिरवत आणि सांगत, "हा त्याचा. हा पण." काही उमट्यांवर ते अडत, चष्मा पुसत, आठवून सांगत. त्रेसष्ट ठसे वेंकोजीरावांचे निघाले. सुष्माने प्रत्येकाखाली लिहिलं : कोरणी, वेंकोजीराव, सरगूर. मोराखाली तिने त्या पानाची हकिगतही लिहिली. एकोणीस वर्षांत तिने हजारो पानं वेगवान केली होती. त्यातलं एखादं कुणाच्या हातात पोचल्यावर काय होतं, हे तिला कधी दिसलं नव्हतं. ती मनोमन त्या पहिल्या फोनचे आभार मानत होती.

गुरुवारी सकाळी तिने भवानीबाईंना पुन्हा पान उघडायला सांगितलं. सरगूरला रात्रीपासून वीज नव्हती आणि रेंजही जेमतेम होती.

"आलं का, काकी?"

"चित्र नाही आलं अजून. अक्षरं आलीत."

"थांबा, मी बघते काय झालंय ते..."

"नको, राहू दे," भवानीबाई म्हणाल्या. "त्यांचं नाव आलंय. मी वाचतेय. मोर येऊ दे सावकाश."