मारवेल आणि चांदणी

आमच्या गायरानात मारवेल गवत लावायचं ग्रामसभेत ठरलं, तेव्हा गावात चौऱ्याऐंशी जनावरं होती. जुनं कुसळी गवत त्यांच्या तोंडाला टोचायचं म्हणून हा बेत. नवं गवत मूळ धरेपर्यंत दोन वर्षं चराई बंद, अन् राखणीला मी. हातात काठी, गळ्यात शिट्टी.

मी काम इतकं चोख केलं की लोकांनी जनावरंच विकली. चारायची कुठं? एकेक करून सगळी उदगीरच्या बाजाराला गेली. पहिल्या वर्षी माणसं निदान भांडायला तरी यायची. दुसऱ्या वर्षी तेही बंद. गवत कमरेला लागलं. वारा सुटला की सगळं एकदम हलायचं अन् मी सवयीनं शिट्टी फुंकायचो.

उरली फक्त केवळाआजीची देवणी गाय, चांदणी. ती रोज फाटकाशी यायची, मी रोज काठी उगारायचो. आजी रोज मला शिव्या द्यायची. दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच.

परवा आजी म्हणाली, "सुदर्शना, बांधाबांधावरून भारे आणून माझे गुडघे गेले. ही आत चरली तर राहीन. न्हाई तर पुढच्या बाजारी हिला इकून लेकीकडं, ज्योत्स्नाकडं जाते, विष्णुपुरीला."

"चांदणीला पण घेऊन जा की."

"तिसऱ्या मजल्यावर? तुझा बाप चढवल का?"

काल गायरान खुलं झालं. सरपंचांनी फीत कापली, टाळ्या मी वाजवल्या, ते गेले. फाटक सताड उघडं. चांदणी आली, तिनं गवत हुंगलं, माझ्याकडं बघितलं अन् ती मागं फिरली.

मी काठी फेकली. त्यानं ती आणखीच बुजली. शिट्टी काढून खिशात घातली. गवताची मूठ पुढं धरली, "घे गं बाई." ती तीन पावलं मागं.

"तिला गवताचं न्हाई, तुझं भ्याव हाय," आजी म्हणाली अन् तिनं स्वतःची शाल माझ्या डोक्यावर टाकली. चांदणीनं शालीकडं मायेनं बघितलं. मग शालीतल्या माझ्याकडं. पुन्हा मागं.

"तू जा बरं."

"कुठं?"

"दिसणार न्हाईस तिथं."

नाल्यापर्यंत गेलो. चांदणी मान वळवून बघतच होती. मग पार सडकेच्या पुलापर्यंत गेलो. तिथून वळून बघितलं तर हिरव्यात एक पांढरा ठिपका शिरला होता. मान खाली. खात होती! शेजारून आजीनं हात वर केला. बोलावतेय असं वाटून मी दोन पावलं पळालो, तर ती हातानं 'मागं, मागं' करत होती.

आज सकाळी फाटक उघडलं अन् चांदणी यायच्या आत पुलावर येऊन बसलो. आजी विष्णुपुरीला जाणार न्हाई म्हणे. हे मला गावातल्या दुकानदारानं सांगितलं. शाल अजून माझ्याकडंच आहे. ती मागायला आजी इकडं येईल, असं मी धरून चाललोय.