अकरा नंबरचा सूर्य

"कोण ही बया, एकदा समोर येऊ दे माझ्या!" मालकांनी मोबाइल टेबलावर आपटला. "फायनलच्या तोंडावर आपल्या अकरा नंबरला आभाळातून पाडते म्हणजे काय? काळ्या जिभेची मेली!"

बया समोरच उभी होती. खेळाचे कपडे विकणाऱ्या त्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती जर्सींवर नंबर छापायची. गरम यंत्राचा दांडा दाबायचा, जरा थांबायचं, उचलायचा, दिवसभर हेच. आत्ताही तिने दांडा दाबला, जरा जास्तच जोरात.

"आणि हे ग्रीक-बीक कशाला? आपला सूर्य काय कमी पडला होता?"

"सूर्य एकच असतो, साहेब."

"तेच म्हणतोय मी!" असं म्हणून मालक गल्ल्यावर जाऊन बसले. इकडे यंत्राखालचा तीन नंबर पार करपला होता. तिने तो कपडा बाजूला फेकला आणि मनातल्या मनात सगळ्या शहराला एक सणसणीत शिवी घातली.

शहराच्या फुटबॉल संघाची जर्सी पिवळी, बोधचिन्ह उगवता सूर्य. संघाच्या चाहत्यांचं इंटरनेटवर एक ठिकाण होतं. तिथे लोक लाडक्या खेळाडूंवर मनाने रचलेल्या गोष्टी लिहायचे. बहुतेक गोष्टींत शेवटच्या मिनिटाला गोल व्हायचा आणि कप्तानाचं लग्न जमायचं. ती टोपणनावाने लिहायची, आणि तिने एक ग्रीक कथा उचलली होती. सूर्यदेवाचा मुलगा फेथॉन बापाकडे हट्ट धरतो, एक दिवस तुमचा रथ मला हाकू द्या. बापाने आधीच शब्द देऊन ठेवलेला, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. घोडे उधळतात आणि पोरगा जळत खाली येतो. तिच्या गोष्टीत प्रशिक्षक सूर्य होता आणि अकरा नंबर त्याचा पोरगा. लोकांनी ती डोक्यावर घेतली. कोणी अकरा नंबरच्या फोटोला किरणं काढली, कोणी मैदानाला आकाश म्हणू लागलं. उभ्या आयुष्यात तिला कोणी 'पुढे काय?' असं विचारलं नव्हतं. इथे दर भागाखाली माणसं तेच विचारत होती.

फक्त त्या मंडळींचा एक दंडक होता: फायनलच्या आठवड्यात आपला माणूस गोष्टीतसुद्धा पडता कामा नये. तिला तो माहीत होता. पण तिला वाटलं, चांगली मोठी माणसं आहेत, गोष्ट ती गोष्ट एवढं कळत असेल. तिने शुक्रवारी शेवटचा भाग टाकला. रविवारी फायनलमध्ये अकरा नंबर चेंडू घेऊन एकटाच सुसाट निघाला, कोणाचा धक्काही लागला नाही, आणि कोसळला. गुडघा फिरला, संघ हरला आणि खापर तिच्या डोक्यावर फुटलं.

जेवणाच्या सुट्टीत चाहत्यांचं ते ठिकाण चालवणाऱ्या माणसाचा फोन आला.

"ताई, संध्याकाळपर्यंत शेवट बदला. पडू दे त्याला, पण परत उठवा. नाहीतर गोष्ट काढून टाकावी लागेल."

"माझ्या गोष्टीने त्याचा गुडघा फिरला का?"

"असं कोण म्हणतंय?"

"सगळे म्हणताहेत! सुजलेल्या गुडघ्यावर त्याला उतरवला कोणी? प्रशिक्षकाने. त्याला बोललात एक शब्द? मी तेच तर लिहिलंय. बापाने लगाम द्यायला नको होता."

"ते खरं असेल, ताई. पण लोकांना आत्ता खरं नकोय."

तिने भरलेला डबा तसाच बंद केला.

घरी आल्यावर तिने मोबाइल घेतला आणि लिहिलं, 'आणि तो उठला.' पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. एवढंसं वाक्य, पण हाताला येईना.

तेवढ्यात दादा कामावरून आला. औषधांच्या दुकानात तो बसून बिलं करायचा, कारण फार वेळ उभं राहणं त्याला जमायचं नाही. एके काळी याच संघाचा अकरा नंबर तो होता. अशाच एका सामन्यात पडला आणि त्यानंतर या घरात फुटबॉलचं नाव निघालं नव्हतं.

"तूच लिहिलंयस ना हे?" त्याने स्वतःचा मोबाइल तिच्यासमोर धरला.

"तुला कोणी दिलं?"

"दुकानात सगळे वाचताहेत. शिव्या घालतात आणि वाचतात." तो पाय लांब करून खुर्चीत बसला. "तुझ्या गोष्टीत पडल्यावर तो पहिलं विचारतो, मॅच संपली का. हे मी विचारलं होतं. स्ट्रेचरवरून. तुला."

तिने हातातला मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाली, "उठवायला सांगताहेत त्याला. एका वाक्याचं तर काम आहे."

"नको उठवूस." दादाचा आवाज चढला. "मला सगळ्यांनी उठवलं. डॉक्टरांनी, आईने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी. होशील बरा, पुढच्या वर्षी खेळशील. अरे, मी पडलोय, हे एकाने तरी म्हणावं की नाही? शेवटी एकटाच पडून राहिलो."

तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं तीही त्याला 'होशील बरा' म्हणत आली होती.

दादाने विचारलं, "त्या कथेत बहीण-बिहीण आहे का?"

"आहेत. भावासाठी रडून रडून त्यांची झाडं झाली."

"तू तशीही दिवसभर उभीच असतेस," तो म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा ती हसली.

मग त्याने कपाटाच्या तळातून आपली जुनी जर्सी काढली. पाठीवरच्या नंबराचे पोपडे निघाले होते. "नवा लावून आण. घालणार नाहीये. नुसता असू दे."

तिने शेवट बदलला नाही. सकाळी गोष्टीच्या जागी 'उपलब्ध नाही' एवढेच शब्द होते. 'पुढे काय?' विचारणारी माणसंही त्याबरोबर गेली. तिला फार वाईट वाटलं, आणि रागही तेवढाच आला.

दुकानात तिने दादाची जर्सी यंत्राखाली ठेवली. नवा नंबर लावायचा तर आधी जुना तापवून सोलावा लागतो. उन्हाने आणि धुण्याने कापड विटून पांढुरकं झालं होतं. तिने एका टोकाला नख लावलं आणि नंबर हळूहळू ओढून काढला.

खालच्या कापडाला ऊन कधी लागलंच नव्हतं. तिथला पिवळा रंग जसाच्या तसा होता. पाठीवर लख्ख अकरा.

"नवा कुठला काढू? अकराच ना?" मालकांनी बाहेरून विचारलं.

"नको, साहेब," ती म्हणाली. "आहे तो."

तिने यंत्राचं बटण बंद केलं आणि अकरा वर येईल अशी जर्सीची घडी घातली.