शुक्रवारचा उपास

माझ्यावाचून देवाचं अडतं असा माझा समज होता, आणि देवानं तो बरीच वर्षं खपवून घेतला.

झालं काय, सासूबाईंनी जेवण सोडलं. वय ब्याऐंशी, नगरहून लखनौला आणल्यापासून डोक्यात सगळा गोंधळ. मलाही ओळखत नाहीत. घास पुढे केला की तोंड घट्ट मिटतात, फार आग्रह केला तर ताट भिरकावतात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ती नळी मला काहीही करून टाळायची होती.

शुक्रवारी मात्र वाटीभर मऊ भात जायचा. दिवसा लेक असायची घरी; संध्याकाळी मी ऑफिसातून येते तो वाटी रिकामी! का? तर शुक्रवारी मी उपास धरायची. चहासुद्धा नाही. चर्चमध्ये उभं राहून तशी साक्षही दिली. लोक ‘हालेलूया’ म्हणाले, मी मान खाली घालून नम्र दिसले. रोजच उपास केला असता, पण मग सासूबाईंच्या आधी मीच वर गेले असते.

पाळकसाहेबांना विचारलं, “बाकीच्या दिवशी माझी प्रार्थना का पोचत नाही?”

ते म्हणाले, “बहनजी, मन में किसी के लिए गाँठ है क्या?”

गाठ? सुरेखा नावाचं अख्खं गाठोडं होतं! आमच्या चर्चमधली माझ्याखेरीज एकुलती एक मराठी बाई. नाताळच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणाली, “लतिका की प्रार्थना ख़त्म होने तक पुलाव पत्थर हो गया.” लोक खो-खो हसले. मी तिथल्या तिथे सुनावलं, “माझ्या घरात पाऊल टाकू नकोस.” तेव्हापासून बोलणं बंद.

आता नळी टाळायची तर नाक मुठीत धरून तिच्याकडे जाणं आलं. शुक्रवारी अर्धी रजा टाकली, चौकातून मिठाई घेतली आणि रिक्षात माफीचं भाषण पाठ केलं. त्यात तिची चूक तीनदा येत होती, माझी एकदा.

दार तिच्या नवऱ्यानं, सुधीररावांनी उघडलं. “वहिनी, तुम्ही इथे? सुरेखा तर तुमच्याकडेच गेलीय. दर शुक्रवारी जाते ना, आईंना भरवायला.”

मिठाई त्यांच्या हातात कोंबली आणि तडक घर गाठलं. दारात माझी लेक नेत्रा. “मम्मी! इतनी जल्दी? आंटी को कुछ मत बोलना, प्लीज. मैंने ही बुलाया था, फ्राइडे को उनकी छुट्टी रहती है.”

आत सुरेखा नगरकडचं एक जुनं भजन गुणगुणत भात भरवत होती, आणि सासूबाई मांडीवर ताल धरून ‘आ’ करत होत्या. मला पाहताच ती चोरी पकडली गेल्यासारखी उठली. “जाते गं. एवढी वाटी संपू दे फक्त.”

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “ही कोण बाई?”

“ही लतिका, तुमची सून. दिवसरात्र राबते तुमच्यासाठी. फार जीव आहे हिचा तुमच्यावर.” मग माझ्याकडे न बघता सुरेखा पुटपुटली, “दर वेळी सांगते यांना, पण लक्षात राहत नाही.”

पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. “सुरेखा, चुकलं गं माझं,” एवढंच निघालं, आणि रडूच फुटलं.

“रड नंतर. आधी त्यांच्या पाठीशी उशी लाव, ठसका लागतो त्यांना.”