अकरा वर्षांचा कप

“एक मॅच हरली, अहो. घरातलं कोणी गेलं नाहीये,” सुनीती म्हणाली आणि दीनानाथांच्या पानातल्या गार भातावर तिने पुन्हा गरम आमटी वाढली.

दीनानाथांनी भात कालवला आणि तसाच ठेवला. दाराशी काढलेल्या बुटांवर मैदानाचा चिखल होता आणि अंगातली थंडी अजून गेली नव्हती. नॉटिंगहॅमच्या मार्चमध्ये दोन तास मैदानाच्या कडेला उभं राहायचं, तेही चौसष्टाव्या वर्षी, म्हणजे काही चेष्टा नाही. पण जिंकून घरी आल्यावर ही थंडी त्यांना कधी लागल्याचं आठवत नव्हतं.

“लास्ट मिनिटला कॉर्नर गेला, सुनीती. जवळच्या पोस्टला आपला एक माणूस नाही. त्यांच्या त्या उंच मुलाने नुसतं डोकं लावलं.”

“आपला, आपला. कॉलेज सासऱ्यांनीच बांधल्यासारखं बोलता.”

एल्मवुड कॉलेज कोणाच्याही सासऱ्यांनी बांधलेलं नव्हतं. दीनानाथ सबनीस तिथे पोर्टर होते, म्हणजे फाटकाशेजारच्या खोलीत बसून किल्ल्या सांभाळायच्या, टपाल वाटायचं आणि खोलीला कुलूप लावून किल्ली आतच विसरलेल्या मुलांना दार उघडून द्यायचं. सव्वीस वर्षं हेच. दादरला लहानपण गेलेला हा माणूस, क्रिकेटपलीकडे खेळ असतो हेच त्याला मान्य नव्हतं. पण पहिल्याच हिवाळ्यात विसरलेली फर्स्ट-एडची पेटी द्यायला म्हणून ते मैदानावर गेले, पाच मिनिटं थांबले आणि कायमचे अडकले. तेव्हापासून पलीकडच्या कॅसल ग्रोव्ह कॉलेजबरोबरची फुटबॉलची वार्षिक मॅच त्यांनी एकदाही चुकवली नाही. जुलैमध्ये रिटायर व्हायचं होतं. जाता जाता सलग बारावा विजय बघून जावं, एवढीच इच्छा होती.

फोन वाजला. वॉटफर्डहून लेक ईशिता, इथेच वाढलेली.

“बाबा, मॅच कसा झाला?”

“हरलो. टू-वन.”

“ओ नो. इट्स ओके, बाबा. तुमचा टीम इलेव्हन इयर्स जिंकली ना? आता त्यांचा टर्न. तुम्ही जेवलं का?”

“जेवलो,” दीनानाथ म्हणाले. पानातला भात त्यांच्याकडे बघत होता.

फोन ठेवून त्यांनी पान बाजूला सारलं. मग म्हणाले, “कप द्यावा लागणार आता.”

“मग द्या की. त्यांनी जिंकलाय.”

“ती बाजू दिसेल त्यांना.”

सुनीती आमटीचं पातेलं उचलत होती, तिने ते परत खाली ठेवलं.

कप अकरा वर्षं दीनानाथांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात होता. कोणी सांगितलं नव्हतं, तरी दर शुक्रवारी ते तो उतरवून लखलखीत करत. त्यांची आई देव्हाऱ्यातली चांदीची भांडी रांगोळीने घासायची, त्यामुळे चांदी म्हटलं की रांगोळी हे त्यांच्या हाताला पक्कं ठाऊक होतं. भारतातून आणलेली रांगोळीची पुडी खोलीच्या खणात असे. ओल्या कापडावर चिमूटभर घ्यायची आणि गोल गोल घासायचं. मुलं येता-जाता म्हणत, “दीन, आरशासारखा दिसतोय.” दीनानाथांना आणखी हुरूप यायचा.

आईची भांडी सबंध चांदीची होती आणि या कपाला नुसता चांदीचा मुलामा होता, हे त्यांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. दोन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी कपाच्या पोटावर पिवळं पितळ दिसलं. आधी नखाएवढं, मग नीट पाहिल्यावर तळहाताएवढं. कप देणाऱ्याचं नाव तिथेच कोरलेलं होतं, ते बोटाला लागेनासं झालं होतं. अति तिथे माती म्हणतात ते हेच. दीनानाथांनी रांगोळी घरी नेली आणि कपाची ती बाजू भिंतीकडे केली. त्या दिवसापासून आपला संघ जिंकावा असं त्यांना वाटायचं, त्यात कप कपाटाबाहेर जाऊ नये हेही मिसळलेलं असायचं. गोल झाला की ते टाळ्या वाजवायचे आणि स्वतःचीच लाज वाटायची. मॅचचा निखळ आनंद असा त्यांना दोन वर्षांत झालाच नव्हता.

“जुना आहे म्हणा. झिजला,” सुनीती म्हणाली. “खोटं थोडंच आहे? आणि तीन महिने राहिलेत तुमचे. आता कशाला उगाच?”

“कोणी विचारलं तर बघू.”

“कोणी नाही विचारत. इथे लोक पोलाइट असतात.”

रीत अशी होती की हरलेल्यांनी आठवड्याच्या आत कप स्वतः नेऊन द्यायचा. गुरुवारी संघाचा कॅप्टन किल्ली मागायला खोलीत आला. मुलगा रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. “दीन, सॉरी,” तो म्हणाला, जशी काही दीनानाथांचीच मॅच त्याने घालवली होती. त्याने कपाटाकडे पाहिलं आणि नजर वळवली. “उद्या आम्हाला कप घेऊन तिकडे जायचंय. कोणाचीच हिंमत होत नाहीये.”

“मी नेतो,” दीनानाथ म्हणाले.

“खरंच? दीन, तू ग्रेट आहेस.”

पोराला वाटलं, म्हातारा आपल्यावर उपकार करतोय. दीनानाथांच्या मनात मात्र एवढंच होतं की कप दुसऱ्या कोणाच्या हातात पडून फिरवून पाहिला जाऊ नये. चोराच्या मनात चांदणं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी कप टॉवेलात गुंडाळून सुनीतीच्या शॉपिंग बॅगेत घातला आणि बसने नदीपलीकडे गेले. कॅसल ग्रोव्हच्या फाटकाशेजारीही तशीच खोली होती, तसाच किल्ल्यांचा फळा होता. तिथली पोर्टर मॉरीन. साठीची बाई, तोंडात कायम मिंटची गोळी. इतकी वर्षं मैदानाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघांनी एकमेकांना मान हलवली होती, त्यापलीकडे ओळख नव्हती.

“या, या,” ती म्हणाली. “मला वाटलं मुलं येतील.”

“मुलांना वाईट वाटतंय.”

“अकरा वर्षं आम्हालाही वाटत होतं,” मॉरीन म्हणाली, पण हसून. तिने मागचं कपाट उघडलं. आत किल्ल्या, हातमोजे, एक छत्री आणि कोणाचा तरी चष्मा. “रिकामं राहून राहून हरवलेल्या वस्तू ठेवायला लागले बघा.” एकेक वस्तू काढून तिने टेबलावर ठेवली, कपाट पुसलं आणि दोन्ही हात पुढे केले.

दीनानाथांनी टॉवेल सोडला. चांगली बाजू पुढे करूनच त्यांनी कप दिला. मॉरीनने तो खिडकीपाशी नेला आणि व्हायचं तेच झालं, तिने तो फिरवला. पिवळ्या डागावरून तिचा अंगठा एकदा गेला, मग पुन्हा गेला.

 ती काही म्हणेल म्हणून दीनानाथ थांबले.

“जुन्या वस्तू,” ती शेवटी म्हणाली. “झिजतातच. आपणही झिजतो.”

सुनीतीचं म्हणणं बरोबर निघालं. आता नुसती मान हलवायची, बॅगेची घडी करायची आणि निघायचं. कोणी कधी काही विचारणार नव्हतं. दीनानाथांनी टॉवेलाची घडी केली, ती मोडली, पुन्हा केली.

“झिजला नाही,” ते म्हणाले. “मी घासला.”

मॉरीनने वर पाहिलं.

“दर शुक्रवारी. आमच्याकडे एक दगडाची पावडर असते. माझी आई देवाची चांदी त्या पावडरीने घासायची. सबंध चांदी होती ती. मला वाटलं हीही तशीच. दोन वर्षांपूर्वी समजलं, तेव्हा मी कप भिंतीकडे फिरवून ठेवला. बायकोशिवाय कोणाला सांगितलं नाही.”

 मॉरीनने तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. ती रागावली आहे की काय, ते दीनानाथांना कळेना.

“दर शुक्रवारी?” तिने विचारलं.

“सुट्टीत नाही. बाकी दर शुक्रवारी.”

“आमच्याकडे असताना त्याच्यावर बोटभर धूळ असायची,” ती म्हणाली. “मीच पोर्टर होते, मलाच माहीत.” तिने कप वरच्या फळीवर ठेवला. डाग पुढेच राहिला. तिने काही तो फिरवला नाही. “कॉलेजची कमिटी विचारेल. काय सांगू?”

“सांगा, एल्मवुडच्या पोर्टरने घासला. सबनीस. आमच्या वॉर्डनना मी सोमवारी सांगतो.”

“परत मुलामा देता येतो. तसं काही मोठं नाही.”

“हो. पण मग घासू नका. कोरडं फडकं, बस. दुसरं काही लावायचं नाही.”

“कोरडं फडकं,” मॉरीन म्हणाली आणि तिने खरोखरच ते एका चिठ्ठीवर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

परतीच्या बसमध्ये दीनानाथांना खिडकीजवळची जागा मिळाली. सोमवारी वॉर्डनपुढे उभं राहायचं होतं, त्याची धाकधूक होतीच, पण ती वेगळी. खिडकीबाहेर शाळा सुटलेली होती, दुकानांत गर्दी होती. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र बुधवारचा तो कॉर्नर येत होता. चेंडू उंच येतोय, जवळच्या पोस्टला कोणी नाही, तो उंच मुलगा नुसता उभा आहे आणि आपले चारही बचावपटू चेंडूकडे बघत राहिलेत. गोलकीपर तर ओरडलासुद्धा नाही. एक मिनिट. फक्त एक मिनिट कळ काढायची होती पोरांनी. पुढच्या वर्षी ही मुलं नसतील, फाटकाशी आपणही नसू.

बस पुलावर आली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. चष्मा काढून त्यांनी बाहीने पुसला, तरी पाणी थांबेना.

शेजारी बसलेल्या बाईने हळूच विचारलं, “तुम्ही ठीक आहात ना?”

“हो,” दीनानाथ म्हणाले. “मॅच हरलो आम्ही.”